दाभोळच्या तोंडाशी

कोजागिरी होऊन दोनच दिवस झाले होते. आश्विन वद्य द्वितीयेला पहाटे पाच वाजता आम्ही दोघांनी दिघीच्या खाडीतून नांगर उचलला. आमची शिडाची होडी २८ फुटांची असून तिच्यावर आम्हा नवराबायकोखेरीज कोणीही नसते. मुंबईहून टप्प्याटप्प्याने मालवणला जायचे, असा बेत होता. पावसाळा सरला की कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो आणि दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या शिडाला हे दोन्ही वारे सोयीचे असतात. त्या आठवड्यात मात्र अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले होते आणि हवामान खात्याने दुपारनंतर गडगडाटी पावसाचा इशारा दिला होता. पाऊस येण्याआधी दाभोळ गाठू, या हिशेबाने आम्ही निघालो. तो हिशेब चुकला.

बाराच्या सुमारास हर्णैचा सुवर्णदुर्ग डावीकडे मागे पडला, मतलई वारा विरला आणि तासाभरातच नैर्ऋत्येकडून आभाळ काळेभोर होऊन खाली उतरू लागले. मोठे शीड तेव्हाच आखडायला हवे होते. आम्ही अर्धा तास उशीर केला. पहिला झोत आला तेव्हा होडी कठड्यापर्यंत कलली. हे डोलकाठीला कंबरेचा पट्टा अडकवून उभे राहिले, मी सुकाणू धरून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळवली आणि आम्ही शिडाचा दुसरा रीफ बांधला, म्हणजे शीड आणखी एक घडी घालून लहान केले. दोराची गाठ मारताना पावसाचे पाणी यांच्या बाहीतून कोपरापर्यंत शिरत होते आणि हात खाली आला की मनगटातून धार लागत होती. ते काम संपवून हे परत आले ते पांढरेफटक होऊन. त्यानंतर त्यांना समुद्र जो लागला, तो संध्याकाळपर्यंत लागलेलाच राहिला. आल्याचा तुकडाही पोटात टिकेना.

दोघांच्या होडीविषयी लोक विचारतात तेव्हा मी हेच सांगते, की खराब हवेत दोघांपैकी एक जण कधीही आडवा होऊ शकतो, म्हणून दोघांनाही सगळे आले पाहिजे. शीड आखडणे, इंजिन सुरू करणे, नकाशा वाचणे, रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर मदत मागणे, यातले एकही काम 'ते यांचे' किंवा 'ते माझे' असून चालत नाही.

चारच्या सुमारास पावसाच्या पडद्यातून दाभोळचे तोंड दिसू लागले. हे आतल्या फळीवरून उठून बसले आणि म्हणाले, "अगं, आत शिरू या आता. मला नाही सोसवत." त्यांचा चेहरा पाहून माझ्या पोटात कालवले. आत वाशिष्ठीचे शांत पाणी होते, पण खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तिथेच पांढरा फेस उसळताना मला दिसत होता. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. द्वितीयेची पाऊणपट दीड, म्हणजे दीड वाजता पूर्ण भरती होऊन गेलेली आणि चार वाजता उधाणाच्या दिवसांतली ओहोटी ऐन जोरात. खाडीतून बाहेर धावणारे पाणी आत येणाऱ्या लाटांना भिडते तेव्हा त्या लाटा उथळ दांड्यावर उभ्या होऊन फुटतात. अशा वेळी होडी आडवी फिरली, तर सावरायला जागा नसते.

"अहो, आपण शिरायचं नाही," मी म्हटले. "जयगड गाठू. साडेसातनंतर भरती लागेल."

यांनी एकदाच विचारले, "सुकाणू धरवेल का तुला चार तास?" मी हो म्हटले. आमच्यात पूर्वीपासून ठरलेले आहे, की दोघांपैकी जो 'नको' म्हणेल त्याचे ऐकायचे आणि त्यावर समुद्रात वाद घालायचा नाही. इतक्या त्रासातही यांनी तो शब्द पाळला, याचे मोल मी कधी विसरणार नाही.

जयगडपर्यंतचे १८ सागरी मैल फार लांबले. गुहागरपुढे अंधार पडला, चंद्र ढगांआडच राहिला आणि जाळ्यांचे बोये दिसत नसल्यामुळे मी किनाऱ्यापासून आणखी दूर सरकले. लाट नाळेवर फुटली की खारे पाणी तोंडावर येई आणि पाठोपाठ पावसाचे गोडे पाणी ते धुऊन नेई. जयगडच्या दीपगृहाचा झोत दिसला तेव्हा हे स्वतःहून वर आले आणि काही न बोलता टॉर्च घेऊन नाळेशी बसले.

किल्ल्याचा डोंगर वाऱ्याच्या आड येताच समुद्र एकदम खाली बसला. भरती लागली होती आणि तिनेच आम्हाला शास्त्री नदीच्या मुखात आत ओढून घेतले. साडेआठ वाजता तीन वाव, म्हणजे सुमारे अठरा फूट, पाण्यात यांनी नांगर सोडला आणि तो धरला की नाही, हे साखळीवर तळवा ठेवून बराच वेळ पाहिले. बंदरावर खराब हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागल्याचे आम्हाला नंतर कळले.

सकाळी तवसाळकडे जाणाऱ्या पहिल्या फेरीबोटीच्या आवाजाने मला जाग आली. होडीची नोंदवही उघडी होती आणि आदल्या दिवशीच्या पानावर, माझ्या नोंदींच्या खाली, यांच्या अक्षरात एक ओळ होती: '४ वाजून १० मिनिटे. दाभोळला शिरलो नाही. हिचा निर्णय. बरोबर.'