तुम्ही विचारलंत म्हणून: सवाईला बसायचं कुठे?

नोव्हेंबर संपत आला की मला फोन यायला लागतात आणि प्रश्न ठरलेला, सवाईला, म्हणजे पुण्यातल्या सवाई गंधर्व या शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला, तिकीट कुठलं काढू, खुर्ची की भारतीय बैठक, आणि नेमकं कुठे बसू. आता मी काही गाण्यातली जाणकार वगैरे नाही, पेटी दोन वर्षं शिकून सोडून दिली, पण सवाई गंधर्वला वीसेक वर्षं नेमाने जातेय, रमणबाग शाळेच्या मैदानावर व्हायचं तेव्हापासून. २०१८ ला मुकुंदनगरला हलवलं तेव्हा चार दिवस चिडचिड केली, मग गेलेच.

आधी पुढे बसायचा सोस सोडा. हे मी स्वतः पोळून सांगतेय. एका मैफलीला (कुठली ते जाऊ दे) नात्यातल्या एकांनी पहिल्या रांगेतल्या सोफ्याचा पास दिला होता, मी सिल्कची साडीबिडी नेसून गेले, आणि जागा निघाली अगदी कडेला, स्पीकरच्या थप्पीसमोर. दोन तास तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा पोटात ऐकला. गवईबुवा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, काहीतरी फार सुंदर करत होते म्हणे, मला ते मध्यंतरात मागे बसलेल्या मैत्रिणीकडून कळलं. त्यात पहिल्या रांगेतून उठताही येत नाही, कलाकाराला सरळ दिसतो ना आपण.

मांडवातलं गाणं आपण स्पीकरमधून ऐकतो, त्यामुळे स्टेजपेक्षा साउंडवाल्याचं टेबल कुठे आहे ते आधी बघायचं. तो माणूस आवाज, तबला, पेटी, तानपुरे यांचा मेळ स्वतःच्या कानांनी तिथे बसून लावतो, म्हणजे त्याला जे ऐकू येतं तेच त्याच्या आसपासच्यांना. त्याच्या थोडं पुढे, मध्याच्या जवळ बसलात की काम झालं. फार मागे गेलात तर गंमत होते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, त्यामुळे स्टेजवरून निघालेला आवाज ३४ मीटरवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. द्रुत, म्हणजे जलद, तीनतालात तबल्यावर हात पडलेला दिसतो आणि थाप किंचित मागून येते, एकदा ते लक्षात आलं की दुसरं काही दिसत नाही, मग डोळे मिटून ऐका, मी तेच करते.

डावीकडे की उजवीकडे, यात माझा पक्षपात आहे. गाण्याला तबलजी बहुतेक वेळा गवयाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे, आणि गवयाकडे थोडा वळलेला. म्हणून आपण मध्याच्या जरा उजवीकडे बसायचं, त्याचा चेहरा दिसतो. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की दोघं एकमेकांकडे बघतात ना, ती नजर तिथूनच पकडता येते आणि माझ्या मते अर्ध्या तिकिटाचे पैसे तिथेच वसूल.

मुंबईकरांनी मला विचारलं तर मी सांगते, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या टाटा थिएटरला कुठेही बसा. हजारेक माणसांचं ते सभागृह माईकशिवाय भारतीय संगीत ऐकता यावं अशा हिशोबाने बांधलंय, १९८० चं आहे. मांडवाला तो लाड नाही.

आता खुर्ची की बैठक. बैठक, पण गुडघे साथ देत असतील तरच, आणि जमिनीवर ठेवायची पाठवाली घडीची खुर्ची मिळते ती घेऊन जा, त्यात लाज कसली. येण्याजाण्याच्या वाटेला मात्र चुकूनही बसू नका. विलंबित, म्हणजे संथ, एकतालात (बारा मात्रांचा ताल) गाणाऱ्या बाई एका स्वरावर स्थिरावल्यात आणि तुमच्या मांडीवरून कुणीतरी कॉफीचे तीन कप आणि गरम भजी घेऊन चाललाय, वास असा की षड्जावरून, म्हणजे सा वरून, मन उडतं. थंडीची शाल न्याच, आणि ती पसरून पाच जणांची जागा अडवू नका, भांडणं मी पाहिलीयेत.

आणि शेजार बघून बसा. रमणबागेत एकदा एका आजोबांच्या बाजूला जागा मिळाली होती, ते मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते, अजिबात आवाज न करता, आणि बाराव्या मात्रेला माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, आता सम येतेय बघ म्हणून. एकताल मला क्लासमध्ये नाही, तिथे कळला. उलट व्हिडिओ काढणाऱ्याच्या मागे बसलात तर सगळं गाणं सहा इंचात बघावं लागतं.

यंदा शनिवारी मी बैठकीत आहे, मध्याच्या उजवीकडे, निळी सतरंजी. थर्मास आणलात तर सरकून जागा देईन.