नवाचा ताळा आणि कुपवाडची केबल

वडील सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. समोर कॅल्क्युलेटर असला तरी नवाचा ताळा घेतल्याशिवाय गुणाकार वहीत उतरवायचे नाहीत. समजा ३४७ गुणिले २६. ३४७ च्या अंकांची बेरीज १४, म्हणजे ५. २६ चे ८. पाच आठे चाळीस, म्हणजे ४. उत्तर ९०२२, त्याची बेरीज १३, म्हणजे ४. जुळलं.

एकदा ९०२२ चे ९२०२ लिहिले गेले. ताळा तरीही ४! रात्री हिशेब १८० रुपयांनी चुकला. वडिलांनी १८० ला नवानं भागलं आणि म्हणाले, "भाग जातोय. कुठंतरी आकडं उलटं पडल्यात." दहा मिनिटांत सापडलं.

मी नेटवर्कची कामं करतो. कॅमेरे, स्विच, केबल ओढणं, सगळं. मध्यंतरी कुपवाड एमआयडीसीतल्या एका हळद पावडरच्या कारखान्यातून फोन आला, "नेट पळंना झालंय बघा." वजनकाट्याच्या केबिनमधून ऑफिसला फाईल जायला युगं लागत होती आणि मालक नेटवाल्याशी दोनदा भांडून मोकळे झाले होते.

केबिनमधून साधा पिंग मारला, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का बघायचे छोटे निरोप पाठवले. सगळे परत आले. १४०० बाइटचे मारले तर शंभरात अकरा गळाले. इथंच शंका आली. केबलमध्ये एखादा बिट उलटत असेल, तर लांब फ्रेम (डेटाचं एकेक पाकीट) त्याच्या तडाख्यात जास्त सापडणार. ऑफिसच्या स्विचवर, जिथं ही केबल लागते त्या पोर्टचा सीआरसी एररचा आकडा, म्हणजे किती फ्रेम बिघडून आल्या ते, बघितलं. तो वाढत होता. मोटर चालू असताना उड्या मारायचा, जेवणाच्या सुट्टीत गप्प.

सीआरसी म्हणजे ताळाच, पण जरा वस्ताद. इथरनेटची (केबलवरच्या नेटवर्कची) अख्खी फ्रेम ही एकच लांबलचक बायनरी संख्या धरायची, ठरलेल्या भाजकानं भागायची (हातचा न घेता), आणि ३२ बिटांची बाकी, म्हणजे ४ बाइट, फ्रेमच्या शेपटीला जोडून पाठवायची. घेणारा तोच भागाकार पुन्हा करतो. १९६१ साली वेस्ली पीटरसन या गणितज्ञानं ही रीत मांडली. बेरजेच्या ताळ्यात अंक कुठं बसलाय याला किंमत नसते. टीसीपीच्या (पोच घेऊन डेटा पाठवायच्या नियमांच्या) चेकसममध्ये, म्हणजे बेरजेच्या ताळ्यातही, तीच खोट आहे: १६ बिटांचे दोन तुकडे आपसात बदलले तर बेरीज तीच येते, चूक निसटते. सीआरसीत जागा बदलली की बाकी बदलते. सलग ३२ बिटांच्या आतला कुठलाही घोळ त्यातून सुटत नाही. त्याहून मोठा सुटण्याची शक्यता साधारण ४२९ कोटींत एक. आपल्या आधारचा शेवटचा अंकही असाच ताळ्याचा आहे, व्हेरहॉफ या गणितज्ञाच्या पद्धतीचा. शेजारचे दोन अंक उलटे टाइप झाले तरी तो पकडतो. नवाच्या ताळ्यासारखा फसत नाही.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मोजकंच विचारलं.

"बाकी जुळली नाही तर काय करता?"

"फ्रेम टाकून देतो."

"पाठवणाऱ्याला कळवत नाही?"

"नाही. पोच आली नाही की तो आपणहून परत पाठवतो."

"न सांगता टाकून देता?" हे त्यांना अजिबात पटलं नाही. आमच्या दुकानात असं केलं असतं तर शेतकऱ्यानं पागोटं हातात घेतलं असतं, असं म्हणाले.

त्यांची तक्रार खोटी नाही. फ्रेम गुपचूप पडते, पोचेची वाट बघण्यात वेळ जातो, तोच माल पुन्हा निघतो. माणसाला दिसतं काय, तर नेट स्लो. फाईल मात्र एका बाइटनंही चुकत नाही. पिंग पुन्हा पाठवला जात नाही, म्हणून गळती त्यात उघडी पडली.

केबल शोधत गेलो. पॉलिश ड्रमच्या मोटरच्या वायरीबरोबर ती एकाच पाइपात, वीसेक मीटर गळ्यात गळा घालून. वर मधेच कुणीतरी जोड मारून काळी टेप गुंडाळलेली, त्यावर हळदीचा थर. मी नवीन केबल वेगळ्या भिंतीनं ओढली, नवे जॅक बसवले आणि पोर्टचा आकडा शून्य केला.

दुसऱ्या दिवशी ड्रम, गिरणी, सगळं चालू असताना बघितलं. शून्यच.

मालक चहा पुढं करत म्हणाले, "भांडलो म्हणून नेटवाल्यानं स्पीड वाढवला बघा."