मोहरी कापली की घरात येणारे ढालकिडे: ग्वाल्हेरच्या दगडी घरातला माझा अनुभव

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घराच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांवर ढालकिडे (लेडीबर्ड) दिसू लागले. लाल पाठ, तिच्यावर सात काळे ठिपके, आकार हरभऱ्याच्या डाळीएवढा. दुपारी तीनच्या सुमारास एकेका तावदानावर साठ-सत्तर सहज मोजता येत. फवारा न मारता आणि शक्यतो एकही न चिरडता तीन आठवड्यांत घर मोकळे झाले. त्यात कशाच्या आधी काय करायचे याला फार महत्त्व आहे, म्हणून सगळे तपशिलाने लिहिते.

ते येतात कुठून, हे आधी समजून घ्यावे. ग्वाल्हेरपासून भिंड-मुरैनापर्यंत सगळा मोहरीचा पट्टा. थंडीत मोहरीच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, धरतो (इथे सगळे त्याला माहूच म्हणतात) आणि त्याच्यावर ढालकिडे पोसले जातात. एक मोठा किडा दिवसाला पन्नासच्या आसपास मावा फस्त करतो. फेब्रुवारी सरता सरता झाडे सुकतात, रस संपतो, पंख फुटलेला मावा उडून जातो. संध्याकाळी दुचाकीवरून जाताना डोळ्यांत शिरतो तो हाच. पाठोपाठ कापणी होते आणि ढालकिड्यांचे अन्न व निवारा दोन्ही एकदम जातात. घरात त्यांच्या खाण्याचे काहीच नसते. उन्हाने तापलेली भिंत, तिच्यातली फट आणि आतला उजेड, एवढ्यामुळे ते आत येतात. म्हणूनच लवंगा, कापूर, तमालपत्र यांचा उपयोग होत नाही. लवंगांची पुरचुंडी बांधलेल्या चौकटीतच किडे निवांत बसलेले होते.

युरोप-अमेरिकेतले सल्ले इथे जसेच्या तसे लागू करू नयेत. तिकडे हार्लेक्विन जातीचे ढालकिडे ऑक्टोबरमध्ये घरात शिरतात आणि सगळा हिवाळा माळ्यावर काढतात. आपल्याकडे ही गर्दी कापणीपुरती असते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात घरात अडकलेला किडा पाण्यावाचून मरतो. त्यामुळे सांभाळायचे असतात ते तीन-चार आठवडे.

ओळख पक्की करायला दोन मिनिटे द्यावीत. सात ठिपक्यांचा आणि पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला लहान, हे दोन्ही मावा खाणारे. पाठ गुळगुळीत, चकचकीत. पाठ मळकट नारिंगी, बारीक लव असलेली आणि ठिपके वीसच्या वर असतील, तर तो वांग्याची पाने खरवडणारा एपिलॅक्ना. तो बागेत सोडू नये. काळ्या-नारिंगी-पांढऱ्या नक्षीचा, चपटा, लांबट असेल तर तो मोहरीचाच पेंटेड बग, रस शोषणारा. त्यालाही कुंड्यांपासून लांबच ठेवावे.

पकडण्याची वेळ सकाळची. सहा ते आठमध्ये, भिंत गार असताना, ते सुस्त असतात आणि उडत नाहीत. साहित्य साधे: रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी, पोस्टकार्डाएवढा जाड कागद, आठ नंबरचा मऊ ब्रश. बरणी किड्याच्या खाली धरायची आणि वरून ब्रशने हलकेच स्पर्श करायचा. दचकला की तो पाय आखडून घेतो आणि आपोआप खाली पडतो. चिमटीत धरायला गेलात तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, कडू, उग्र वासाचा द्रव सोडतो. हेच त्याचे संरक्षण आहे आणि भिंतीवरचे पिवळे डाग याचेच. त्यामुळे तोंडाने ओढून पकडायची नळीही वापरू नये; तो वास घशात बसतो.

छताच्या पटियांच्या (दगडी फरशांच्या) सांध्यांत, उंचावर बसलेल्यांसाठी व्हॅक्यूम क्लीनर चालतो. नळीच्या तोंडात जुना पातळ पायमोजा सात-आठ इंच आत सोडायचा, त्याची कड बाहेर उलटवून रबराने घट्ट बसवायची आणि ओढ सर्वांत कमी ठेवायची. किडे मोज्यातच अडकतात. मशीन बंद करण्याआधी मोज्याचे तोंड मुठीत आवळायचे, नाहीतर ओढ थांबताच सगळे बाहेर. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ गोळा करत राहू नये; एकमेकांवर दाबले गेले की ते द्रव सोडतात. मोजा न लावता थेट पिशवीत ओढले तर मशीनला लागलेला वास आठवडाभर जात नाही.

बरणीच्या बाबतीत पहिल्या दिवशी चूक झाली. घट्ट झाकण आणि आत ओला कापूस ठेवल्याने दुपारपर्यंत काचेसारखे दव धरले आणि दहा-बारा किडे त्यात चिकटून मेले. नंतर झाकणाऐवजी मलमलचे फडके बांधले, आत चुरगाळलेला कागद घातला आणि कापूस फक्त ओलसर, पिळून घेतलेला ठेवला. एका लिटरच्या बरणीत शंभरच्या वर किडे नकोत. सावलीत, संध्याकाळपर्यंतच.

सोडताना मात्र घाई करू नये. सकाळी पकडून गच्चीवरून झटकले तर ऊन चढताच ते पुन्हा त्याच भिंतीवर येतात. सूर्य मावळल्यावर, कुंड्यांना पाणी घालून पाने ओली केल्यावर, झाडाच्या बुंध्याशी सोडावेत. तहानलेला किडा आधी पाणी पितो, गारव्यात वर चढतो आणि सकाळी त्याच्यासमोर मावा असतो. मावा नसलेल्या झाडावर सोडण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये गुलाबाचे कोवळे शेंडे, चवळीचे वेल, कण्हेर आणि रस्त्याकडेची रुई यांच्यावर तो हमखास सापडतो. एका कुंडीला वीस-पंचवीस पुरेत. बाकीचे वेगवेगळ्या जागी, घरापासून जमेल तितके लांब.

झाडावर मुंग्यांची रांग असेल तर ढालकिडे टिकत नाहीत. मावा जो गोड चिकटा सोडतो त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. बुंध्याला तीन-चार सेंटिमीटर रुंद कापडी पट्टी बांधून तिच्यावर व्हॅसलीन लावले की रांग तुटते. व्हॅसलीन सालीवर थेट लावू नये. फांदी भिंतीला टेकत असेल तर ती आधी बाजूला करावी, नाहीतर मुंग्या वरून येतात. नीमतेलाचा फवारा या दिवसांत त्या झाडांवर थांबवावा. तो ढालकिड्यांच्या अळ्यांनाही बाधतो. साधारण दहा दिवसांनी गुलाबाच्या पानांखाली पिवळी, उभी, एकमेकांना खेटलेली अंडी दिसली. त्यांतून निघणारी अळी राखाडी-काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची असते, दिसायला इवल्या मगरीसारखी. पुष्कळ घरांत ती कीड म्हणून मारली जाते, याचे फार वाईट वाटते. ती मोठ्या किड्याइतकीच कामाची असते.

आता फटी. इथे क्रम चुकला तर आधीची मेहनत वाया जाते. बाहेरून आधी बंद केले तर चौकटीमागे दडलेले सगळे किडे आत उतरतात. आधी आतली बाजू बंद करायची, चार-पाच दिवस उन्हाने त्यांना बाहेर निघू द्यायचे आणि मग बाहेरची बाजू भरायची. फट शोधायला उदबत्ती घ्यावी. पंखा बंद करून चौकटीच्या कडेने हळूहळू फिरवायची. धूर जिथे वाकतो तिथे वारा, म्हणजे फट. सात ठिपक्यांचा किडा घुमटासारखा उंच असतो, पण लहान जाती त्याहून बारीक फटीतून येतात, म्हणून फट दीड-दोन मिलिमीटरवर आणायची.

लाकडी चौकटीच्या कडेला लांबी भरली: खडूची पूड आणि जवसाचे तेल, कणकेइतके घट्ट मळून. दगडाच्या सांध्यात सिलिकॉन टिकले नाही. आपल्या वालुकाश्माचे कण सुटत राहतात, त्यामुळे सिलिकॉनची पट्टी दगडाची भुकटी घेऊन अख्खी निघून आली. तिथे चुनाच हवा: भिजवलेला चुना 1 भाग, बारीक चाळलेली वाळू अडीच भाग. सांधा ब्रशने झाडून, पाणी मारून मग भरायचा आणि आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवायचे. ओल टिकली नाही तर चुना भुसभुशीत होतो. सिमेंट टाळावे, ते दगडापेक्षा कडक होते आणि दगडाचीच कड फुटते.

खिडक्यांना डासांची जाळी, इंचाला 14 ते 16 घरे असलेली, वेल्क्रोच्या पट्टीवर लावली. लाकूड ओल्या फडक्याने पुसून एक दिवस वाळू दिले तरच पट्टी चिकटते. दाराखाली कापडाची वळकटी पुरते. ही कामे होईपर्यंत पश्चिमेच्या खिडक्या अकरा ते चार बंद ठेवल्या, कारण किडे उन्हाच्या वेळीच जास्त उडतात. गॅलरीतली 6500 केल्विनची पांढरी ट्यूब काढून 2700 चा पिवळा दिवा लावला. रात्री येणारे त्यानंतर स्पष्टपणे कमी झाले.

डाग ताजा असेल तर डिस्टेंपरवर साबणाच्या ओलसर फडक्याने निघतो. चुन्याच्या भिंतीवर पुसू नये, पसरतो. वाळू द्यावा, कोरड्या ब्रशने खरवडावा आणि वरून चुन्याचा हात मारावा. मेलेले किडे खिडकीच्या कट्ट्यावरून रोज झाडून काढावेत. साचले की त्यांच्यावर दुसरे बारीक भुंगेरे धरतात, आणि त्यांच्या अळ्या लोकरीच्या कपड्यांना लागतात. स्वेटर-शाली ट्रंकेत जायची हीच वेळ.

दहाव्या दिवशी तावदानावर आठ-दहा उरले, तिसऱ्या आठवड्यात एखाद-दुसरा. शेवटची वाट राहिली होती कूलरच्या खिडकीची. कूलर बसवताना त्याच्या चारी बाजूंनी राहिलेल्या जागेत थर्माकोल कोंबला जातो, पण कोपरे उघडेच राहतात. तिथे फोमची पट्टी दाबून बसवली आणि खसच्या टाट्या (वाळ्याचे पडदे) लावण्याआधी उन्हात झटकून घेतल्या. हिवाळाभर पडून राहिलेल्या एका टाटीच्या घडीतच अकरा निघाले. ते त्या संध्याकाळी रुईवर सोडले.