माइनक्राफ्टमध्ये जलदुर्ग बांधताना समुद्र कसा उपसला: माझा अनुभव

भर समुद्रात किल्ला बांधायचा तर तट, बुरूज, दरवाजा ही कामं होऊन जातात. डोकं उठवतं ते पाणी. माइनक्राफ्ट म्हणजे ठोकळे (ब्लॉक) रचून जग उभारायचा व्हिडिओ गेम. हे सगळं त्याच्या जावा एडिशन या कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीतल्या सर्व्हायव्हलमधलं आहे, म्हणजे जिथे सामान स्वतःच जमवावं लागतं.

नमुना सिंधुदुर्गाचा. तट 30 फूट उंच, 12 फूट जाड. एक ब्लॉक एक मीटरचा, म्हणून 9 ब्लॉक उंची आणि 4 ब्लॉक जाडी चपखल बसते. खऱ्या तटाची लांबी तीनेक किलोमीटर. तेवढ्याच्या नादी लागू नका, चौथाई पुरे. पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या किल्ल्यातल्या विहिरी हव्यात, म्हणजे समुद्रसपाटीखाली कोरडी जागा हवी. घोडं अडतं ते इथेच.

सगळे सांगतात, स्पंज (पाणी शोषणारा ब्लॉक) टाका. टाकला, पाणी गेलं, वळून पाहावं तर परत हजर! कारण साधं आहे. रिकाम्या जागेला बाजूने दोन सोर्स ब्लॉक (ज्यातून पाणी वाहतं ते मूळ पाण्याचे ब्लॉक) चिकटलेले असले आणि खाली घट्ट ब्लॉक किंवा सोर्सच असला, की तिथे नवा सोर्स तयार होतो. 2×2 च्या विहिरीत समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्यावर ती कधी आटत नाही, ती याच नियमामुळे. उघड्या समुद्रात स्पंज म्हणजे नुसती हमाली.

म्हणून आधी खण पाडा, म्हणजे भिंती घालून पाण्याचे छोटे कप्पे करा. पृष्ठभागावरून वाळू सोडत गेलं की ती तळापर्यंत बसते आणि भिंत उभी राहते. काँक्रीट पावडर वापरू नका, पाणी लागताच ती वरच घट्ट होते. ग्रॅव्हल (खडी) चालतं, पण खणताना मधूनच चकमक हातात येते आणि माल घटतो. पाणी तिरकं झिरपत नाही, त्यामुळे तिरप्या भिंतीचे कोपरे भरत बसू नका, बरीच वाळू वाचते.

खण 5 ब्लॉक रुंदीपर्यंतच ठेवा आणि वरून खाली एकेक थर स्पंजने पूर्ण सुकवा. अर्धवट थर सोडला की कोपऱ्यातून पाणी पुन्हा भरतं. विहिरीएवढ्या जागेला तर स्पंजही नको: खण वाळूने गच्च भरा आणि मग ती उपसा. एका जागी खाली तळापर्यंत उतरा, शेजारच्या उभ्या रांगेचा सर्वांत खालचा ब्लॉक फोडा आणि लगेच तिथे टॉर्च (मशाल) लावा. वरची रांग टॉर्चवर पडून आपोआप फुटते. बाहेरच्या भिंतीला मात्र हात लावू नका, नाहीतर केलेलं सगळं पाण्यात.

स्पंज आणायचे तर ओशन मॉन्युमेंट, म्हणजे खेळातली समुद्रतळाची वास्तू, गाठावी लागते. तिथल्या एल्डर गार्डियन या तीन राक्षसी पहारेकरी माशांमुळे मायनिंग फटीग लागतो, म्हणजे खोदणं फार मंदावतं. दूध प्यायलं की तो जातो, पण त्यातलं एकही धूड जिवंत असेपर्यंत पुन्हा लागतो. आधी तिघांनाही मारा, मग खोदा. प्रत्येकाला मारल्यावर एक ओला स्पंजही मिळतो. भट्टीत स्पंज सुकवताना इंधनाच्या जागी रिकामी बादली ठेवली तर ती पाण्याने भरते, पण ती इंधन पेटल्यावर ठेवायची. नेदरमध्ये (खेळातलं आगीचं पाताळ) ओला स्पंज नुसता ठेवला तरी लगेच सुकतो, भट्टीची वाट पाहण्यापेक्षा हे बरं.

आणि हो, कोकणातल्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. डेस्कटॉपवर एकट्याने खेळत असाल तर गडगडाट सुरू झाला की आधी एस्केप दाबा: खेळ थांबतो आणि वर्ल्ड सेव्ह होतं.