लेकीचे कॉलेजचे अर्ज आणि 'एशियन'चा रकाना

लेकीचं न्यू जर्सीतल्या हायस्कूलचं शेवटचं वर्ष सुरू होण्याआधीच, २९ जून २०२३ ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यांत निकाल दिला: प्रवेश देताना अर्जदाराचा वंश बघायचा नाही. तोवर अनेक कॉलेजं कृष्णवर्णीयांसारख्या गटांना वंशामुळे थोडं झुकतं माप देत, आणि त्यात आशियाई मुलांवर अन्याय होतो अशी तक्रार होती. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत आनंद झाला. "आता आपल्या मुलांवर अन्याय नाही," असं जो तो म्हणत होता.

अर्ज भरायला बसलो तेव्हा कळलं, की कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवायच्या वेबसाइटवर, वंशाचा ऐच्छिक प्रश्न अजून आहेच. फक्त १ ऑगस्टपासून ते उत्तर कॉलेजांना स्वतःपासून झाकून ठेवता येत होतं. शिवाय सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालातच लिहिलं होतं, की वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने सांगितलं, तर ते विचारात घ्यायला मनाई नाही. म्हणजे रकान्यातली गोष्ट आता अर्जासोबतच्या निबंधात आली होती.

लेकीने निबंध लिहिला तो रविवारच्या मराठी शाळेवर. तिथे ती लहान मुलांना बाराखडी शिकवायची. आम्ही पैसे देऊन गाठलेल्या सल्लागाराने तो वाचून सांगितलं, "हे फार एशियन वाटतं, विषय बदला." हे ऐकून माझा जीव तुटला. ही भीती हवेतून आलेली नव्हती. हार्वर्डमध्ये आशियाई वंशाच्या मुलांना 'पर्सनल रेटिंग'मध्ये, म्हणजे व्यक्तिमत्त्वाच्या गुणांकनात, सरासरीने कमी गुण मिळत होते, हे खटल्यात पुढे आलंच होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीने स्वतःला पुसून अर्ज करायचा? लेक म्हणाली, "आई, मग मी लिहू तरी कोणाबद्दल?" निबंध तोच गेला.

आणखी एक गोष्ट मला खटकत राहिली. अनेक कॉलेजांत, आई-वडील त्याच कॉलेजचे असले, की मुलाला झुकतं माप मिळतं. त्याला 'लेगसी' म्हणतात आणि निकालाने त्याला हात लावला नाही. आम्ही दोघं कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे. आमचा काय उपयोग!

कृष्णवर्णीयांच्या वाट्याचं आपल्याला मिळेल, या आनंदात मात्र मला सामील होता आलं नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा त्यांच्या लढ्यातून आला आणि त्याच वाऱ्यात, १९६५ मध्ये, इमिग्रेशनचा कायदा बदलून आपल्यासारख्यांना हे दार उघडलं. हे आपल्या मंडळात कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

लेकीला न्यू जर्सीतल्याच रटगर्स विद्यापीठात प्रवेश मिळाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचं सामान बांधत होतो, तेव्हा एमआयटीने नव्या वर्गाचे आकडे जाहीर केले. आशियाई विद्यार्थी ४० टक्क्यांवरून ४७ वर गेले होते, कृष्णवर्णीय १५ वरून ५ वर आले होते. लेकीने आकडे मोठ्याने वाचले. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, आणि त्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ तेव्हा पुढच्या वर्षीच्या अर्जांची तयारी करत होता.