तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला पेट्रोल फिल्टर कोणता?

दारव्ह्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, फोनवर, कुठंही गाठ पडली की हा प्रश्न येतोच. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक पोरगा गाडी घेऊनच दारात उभा राहिला. जुनी बुलेट, पुढचा फोर्क लांबवलेला, टाकी वेल्डरकडून बनवून घेतलेली. म्हणाला, "काकाजी, चार-पाच किलोमीटर चालते अन् बंद पडते. पाच मिनिटं थांबलो की पुन्हा चालू होते. नवा फिल्टर लावला तरी तेच होऊन रायलं."

फिल्टर पाहिला. कारचा, कागदाच्या घड्यांचा, चांगला मोठा. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं की जितका बारीक तितका चांगला. पंप असलेल्या गाडीसाठी ते खरं आहे. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप साधारण 3 बारच्या दाबानं पेट्रोल ढकलतो. आपल्या कार्बोरेटरच्या गाडीला, म्हणजे जिथं पेट्रोल अन् हवा मिसळून इंजिनाला जाते त्या जुन्या पद्धतीच्या गाडीला, पंपच नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, मधे जेमतेम फूटभर उंची. पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं आणि तो दाब पंपाच्या शंभराव्या भागाइतकाही भरत नाही. एवढ्याशा दाबाला कागद अडवतो. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (तरंगत्या गोळ्याच्या) वाटीत साठलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पळते, वाटी रिकामी झाली की मरते, उभी राहिली की वाटी पुन्हा हळूहळू भरते. पोरगा सांगत होता ते हेच.

पण अंदाजावर बोलायचं नाही. आधी टाकीचं झाकण उघडून पाहिलं, कारण झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी अगदी हीच लक्षणं दिसतात. भोक मोकळं होतं. मग कार्बोरेटरकडून पाइप काढला, त्याखाली अर्ध्या लिटरची बाटली धरली, टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला आणि मोबाइलवर वेळ लावली. मिनिटाला जेमतेम 60 मिली, आणि धार बारीकच होत चाललेली. फिल्टर काढून पुन्हा धरली तर सव्वा मिनिटात बाटली भरली.

किती धार पुरेशी, याचा हिशेब घरी करता येतो. गाडी ताशी 80 नं जाते आणि लिटरला 25 देते असं धरा. तासाला सव्वातीन लिटर, म्हणजे मिनिटाला 50-55 मिली. चढ, डबल सीट, समोरचा वारा धरून मी याच्या चौपट मागतो. फिल्टर लावल्यावर मिनिटाला 200 मिली पडलं तर तो तुमच्या गाडीचा फिल्टर.

म्हणून माझं उत्तर असं: पारदर्शक प्लास्टिकचा, आत नायलॉनची जाळी असलेला, तोंडं तुमच्या पाइपाच्या मापाची. पितळी भुकटीचा छोटा फिल्टर दणकट असतो, उलटी हवा मारून साफही होतो, पण टाकीत गंज असेल तर लवकर तुंबतो आणि आतलं काही दिसत नाही. काचेचा दिसायला देखणा. बुलेटच्या थरथराटात, गरम सिलिंडरशेजारी मी तो कधीच लावणार नाही. फुटला तर पेट्रोल सायलेन्सरवर.

जुन्या येझदी आणि राजदूतवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो. या टू-स्ट्रोक गाड्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, आणि पिस्टन जाम होतो. तिथं तुंबलेला फिल्टर म्हणजे अख्ख्या इंजिनाचं काम.

लावताना बाणाचं टोक कार्बोरेटरकडे, पाइप सतत उताराला. पाइप मधेच वर चढून खाली आला की तिथं हवा अडकते. सिलिंडरच्या पंखांपासून लांब ठेवा, मे महिन्यातल्या आपल्या उन्हात तिथं पेट्रोलची वाफ व्हायला वेळ लागत नाही. फिल्टर अर्धाच भरलेला दिसला म्हणून घाबरू नका. धार पुरेशी असेल तर त्या बुडबुड्यानं काही बिघडत नाही.

पाइपही नवा घ्या, इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारा. आता पेट्रोल पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि आतून सुटतं. फिल्टरच्या पुढच्या तुकड्यातून सुटलेला काळा कण थेट जेटमध्ये, कार्बोरेटरच्या बारीक भोकात, जातो, त्याला अडवायला कोणी नाही.

गावात बाटलीतलं पेट्रोल घ्यावंच लागतं, ते मला कळतं. फक्त बाटलीच्या तोंडाला कापसाचा बोळा लावू नका. त्याचे तंतू जाळीतून आडवे जात नाहीत, उभे जातात, आणि फ्लोटच्या नीडलखाली, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल बंद करणाऱ्या सुईखाली, बसले की कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो.

पोराच्या गाडीला जाळीचा फिल्टर लावला, मिनिटाला 300 मिली पडलं. दहा मिनिटं इंजिन चालवलं तेवढ्यात जाळीवर तांबूस भुकटी जमली. कॉक काढला तर टाकीच्या आत जी उभी जाळी असायला हवी, ती नव्हतीच. दुसऱ्या गाडीचा कॉक बसवताना कोणीतरी तोडून टाकलेली. खरी पहिली चाळणी तीच. वेल्डिंगची खपली आणि गंज सगळा सरळ खाली येत होता.

टाकी उतरवली. आत दोन ग्लास डिझेल आणि सायकलची जुनी चेन टाकली. नट टाकले तर मोजून काढावे लागतात, चेन एका ओढीत बाहेर येते. अंगणातल्या कडुलिंबाखाली आम्ही दोघांनी आळीपाळीनं टाकी अर्धा तास हलवली. पहिलं डिझेल चहासारखं निघालं, तिसरं बरंचसं स्वच्छ. यवतमाळहून उभ्या जाळीचा कॉक आला की पोरगा शनिवारी पुन्हा येणार आहे.