मागच्या खुर्चीवरच्या बा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले. सकाळी शाळेत वालीमीटिंग, म्हणजे पालकसभा झाली. मोठ्या बेन, म्हणजे मुख्याध्यापिका, खूश आहेत, रजिस्टरवर अकरा सह्या आल्या, फोटो ग्रुपवर पडले. चाळीस खुर्च्या लावल्या होत्या. दोन आठवडे चिठ्ठ्या वह्यांत चिकटवल्या, मेसेज टाकले, पहाटे उठून पातेलंभर सेवउसळ करून नेली, आणि आलं कोण तर ज्यांच्या घरी आधीच पुस्तकं आहेत तेच. खूप रडू येत होतं. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली शिक्षण सक्तीचं केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होता, आणि आम्ही नुसत्या खुर्च्या मांडून वाट बघतो, असं काहीबाही मनात येत होतं.

पण झोप त्यामुळे नाही गेली.

पंधरा मिनिटं उशिरा एक बा, वर्गातल्या एका पोराची आजी, आल्या. चपला बाहेर काढल्या, हातात भाजीची पिशवी, दारातच थबकल्या. आणि मी, सगळ्यांसमोर, म्हटलं, "बा, मम्मीने मोकलवी'ती ने." मम्मीला पाठवायचं होतं ना, असं. आवाज चढवला नव्हता, हे मी दहादा आठवून बघितलं. "ए तो नोकरीए गई छे, बेन," म्हणाल्या आणि अगदी मागच्या खुर्चीवर टेकल्या. मी फळ्याकडे वळले, परत बघितलं तर खुर्ची रिकामी.

आणि फळ्यावर मी काय लिहीत होते, तर घरी मुलांशी बोला. मटार सोलताना बोला, गोष्ट सांगा, मधेच प्रश्न विचारला तर गप्प बस म्हणू नका, घरात जी भाषा आहे त्याच भाषेत बोला, त्यातूनच शब्द वाढतात आणि मग वाचायला सोपं जातं. वाचता न येणाऱ्या माणसालाही हे जमतं, हे मी मोठ्याने सांगितलं, आणि जिच्याजवळ ते पोर शाळा सुटल्यापासून रात्रीपर्यंत असतं तिला मी मम्मीला पाठवा म्हटलं.

चिठ्ठीत आम्ही गुजरातीत 'वाली' लिहितो. मराठीत पालक. पाळतो तो पालक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातसुद्धा मूल ज्याच्या ताब्यात आणि देखरेखीखाली आहे तो पालक असंच आहे. ट्रेनिंगमध्ये हे मी स्वतः इतरांना समजावलंय, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आईच होती बहुतेक. माझी आई असती तर... जाऊ दे.

आवाज चढवला नव्हता. पण तसं बघितलं तर चढवला असता तर बरं, भांडून तरी गेल्या असत्या.

आता जरा शांत वाटतंय. अकरा तर अकरा, त्या अकरा जणी शेवटपर्यंत बसल्या, एकीने पातेलं घासून दिलं. पुढची मीटिंग सकाळी नकोच, शाळा सुटायच्या अर्धा तास आधी ठेवू, तेव्हा सगळ्या बा आणि दादा, म्हणजे आजोबा, गेटवर उभेच असतात. चिठ्ठीत 'मम्मी-पप्पा' कुठेच नको, 'घरनुं कोई पण मोटुं', घरातलं कोणीही मोठं, असं लिहायचं.

सोमवारी गेटवर मीच जाईन. काय बोलायचं ते अजून सुचत नाहीये. उसळ राहिलीय थोडी, पण सोमवारपर्यंत टिकायची नाही.